२२ डिसेंबरची सावली

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बाबा नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत घराबाहेर पडलेच नाहीत. डॉक्टरांकडे जाणं तेवढं सोडून. गुडघे दुखायचे, काठीशिवाय चालवत नव्हतं, त्यात मागच्या दाराच्या पायरीवर एकदा पाय घसरला आणि त्यांनी बागेचं नावच टाकलं. दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. एकदा मी भांडी विसळत होते, तेव्हा ते म्हणाले, "बघण्यासारखं काही उरलंच नाही गं बाहेर."

मी हात पुसून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. खरंच काही नव्हतं. उन्हाळ्यात जिथे फुलांची दाटी असते तिथे काळी, सपाट माती. ऑक्टोबर संपता संपता मीच सगळं बुडापासून कापून, झाडून, पोत्यांत भरून टाकलं होतं. थंडीआधी बाग आवरून ठेवायची असते, असंच मी धरून चालले होते. मधोमध ताडपत्री पांघरलेलं टेबल आणि कडेला ओला लाकडी बाक, बस्स. वर्षातले पाच महिने आम्ही आमच्याच बागेकडे पाठ करून जगत होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं आणि फार लागलं.

मग मनाशी एकच गोष्ट ठरवली. थंडीत बाबांना रोज निदान वीस मिनिटं बाहेर बसता आलं पाहिजे. आणि ज्या दिवशी ते जमणार नाही, त्या दिवशी खिडकीतून तरी नजर कुठेतरी टेकली पाहिजे. तेव्हापासून बागेत जे काही केलं ते ह्याच दोन गोष्टींसाठी.

बाबांनी आयुष्यभर नकाशे काढले. त्यामुळे सुरुवात त्यांनीच करून दिली. "आधी ऊन कुठे पडतं ते बघ," म्हणाले. "जूनमधलं नाही, डिसेंबरमधलं." उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस. ४० अंश अक्षांशावर त्या दिवशी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम साडेसव्वीस अंश चढतो. दोन मीटर उंच भिंतीची सावली तेव्हा चार मीटर लांब पडते. तीच भिंत २१ जूनच्या दुपारी साठ सेंटिमीटरसुद्धा सावली टाकत नाही. बाबांनी हे कागदावर रेघा मारून दाखवलं आणि मला उलगडलं, की दक्षिणेकडच्या कुंपणभिंतीखाली, उन्हाळ्यात मुद्दाम गारव्यासाठी ठेवलेला आमचा बाक हिवाळ्यात दिवसभर त्या भिंतीच्या सावलीत गोठत असतो. (दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यांनी दिशा आणि महिने उलटे धरावेत.)

त्या वर्षी २२ डिसेंबरला आभाळ स्वच्छ होतं. मी काठ्यांची मोळी आणि हातोडी घेऊन बाहेर, बाबा घड्याळ घेऊन खिडकीत. दर तासाला ते काचेवर टकटक करायचे, आणि त्या क्षणी सावलीची कड जिथे असेल तिथे मी काठ्या ठोकायच्या. माती वरवर गोठलेली होती, चार घाव घातल्याशिवाय काठी आत जाईना. दहापासून तीनपर्यंत सहा वेळा काच वाजली, काठ्यांच्या सहा रांगा झाल्या. संध्याकाळी बाबांनी ते सगळं आलेखाच्या कागदावर उतरवलं. अख्ख्या बागेत साडेदहा ते अडीच सलग ऊन राहील असा एकच तुकडा निघाला: घराच्या दक्षिणेच्या विटांच्या भिंतीला लागून, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जरा पुढे, अडीच मीटर लांबीचा. तिथे तेव्हा कचऱ्याचे डबे उभे होते.

डबे हलवले, बाक तिथे आला. विटांची भिंत ऊन पिऊन घेते आणि बसणाऱ्याच्या पाठीला ते सावकाश परत करते. ही ऊब किती असते ते तिथे टेकून बसल्याशिवाय कळत नाही. बाक लाकडाचाच ठेवला, कारण लोखंड आणि दगड अंगातली ऊब ओढून घेतात. आधीचा बाक बसका होता. बाबांना त्यावरून उठताना त्रास व्हायचा, म्हणून बैठक ४५ सेंटिमीटरवर आणली आणि दोन्ही बाजूंना हात लावले.

ऊन मिळालं, पण वारा राहिलाच होता. पश्चिमेचा वारा घराच्या कोपऱ्याला वळसा घालून थेट बाकावर यायचा. मी तिथे फळ्यांची सलग भिंतच उभी केली, फटही न ठेवता. पहिल्याच दिवशी बाबांच्या मांडीवरचं वर्तमानपत्र उडालं. मी लोकरीचे धागे काठ्यांना बांधून आडोशाच्या मागे रोवले आणि बघत बसले. फळ्यांच्या अगदी जवळचे धागे उलट्या दिशेला, म्हणजे फळ्यांकडेच उडत होते! सलग भिंतीला अडलेला वारा वरून उडी मारतो आणि मागे भोवरा होऊन खाली कोसळतो. त्याला अडवायचं नसतं, चाळून घ्यायचं असतं. एक सोडून एक फळी काढली, निम्मं बंद आणि निम्मं उघडं झालं, आणि धागे शांत लोंबायला लागले. असा निम्मा उघडा आडोसा त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतो. दाट झुडपांची रांग हेच काम आणखी छान करते. मी ती लावली आहे, पण अजून ती कमरेइतकीच आहे.

आता वाटेबद्दल. बाबा घसरले त्याचं कारण मी आधी नुसतं "बर्फ" धरलं होतं. खरं कारण पायरीच्या डोक्यावर होतं. छपराच्या पन्हळीचा एक सांधा ठिबकत होता. दिवसा थेंब थेंब पाणी पायरीवर पडायचं आणि रात्री त्याचा काचेसारखा पातळ, दिसतही नाही असा थर व्हायचा. भुसभुशीत बर्फाची भीती वाटते म्हणून माणूस जपून चालतो. हा थर कळतच नाही. फार आधी शिडी लावून तो सांधा बघायला हवा होता. ती हळहळ अजून जात नाही.

पन्हळ दुरुस्त केली. दारापासून बाकापर्यंतची वाट एकशे वीस सेंटिमीटर रुंद केली, म्हणजे काठी टेकणारा माणूस आणि त्याचा हात धरणारा दोघं शेजारी शेजारी चालू शकतात. पृष्ठभाग खरखरीत ठेवला आणि एका बाजूला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार दिला, पाणी साचायला नको म्हणून. एका बाजूला लाकडी कठडा आहे. लोखंडी केला असता तर थंडीत बाबांनी त्याला हात लावला नसता.

मिठाचा धडा मात्र झाडांच्या जिवावर शिकले. पहिल्या हिवाळ्यात वाटेवर मूठमूठ मीठ टाकायचे. वसंतात पाहिलं तर कडेच्या बॉक्सवुडची, म्हणजे बुटक्या सदाहरित झुडपांची, वाटेकडची बाजू तपकिरी पडलेली आणि मागची बाजू हिरवीगार. मिठाचं पाणी मातीत उतरलं की मुळांना पाणी ओढता येत नाही, झाड ओल्या मातीत तहानलेलं राहतं. शिवाय साधं मीठ उणे ९ अंश सेल्सियसच्या खाली फारसं कामही करत नाही. आता बर्फ पडला की तो पायाखाली दबण्याआधी फावड्याने काढते आणि वर जाडसर वाळू पसरते. वाळू बर्फ वितळवत नाही, पण पावलाला पकड देते. बाबांना पकडच हवी होती.

आणि मग खिडकी. ह्या कामात मला सगळ्यांत जास्त आनंद मिळाला.

बागेचा आराखडा मी पूर्वी बागेत उभी राहून करायचे. ह्या वेळी बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि मी बांबू घेऊन बाहेर फिरले. "डावीकडे. अजून थोडी मागे. थांब, तिथे!" थंडीत बाग मुख्यतः एका खुर्चीतून, एका चौकटीतून बघितली जाते. मग त्या चौकटीत मागे काय, पुढे काय, मधे मोकळं काय, हे चित्रकारासारखंच ठरवावं लागतं. सगळ्यांत मागे यूचं गडद हिरवं कुंपण आलं. (यूची पानं आणि बिया विषारी असतात. घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर दुसरं सदाहरित झुडूप निवडावं.) नुसती हिरवी भिंत बघायला कुणी बसत नाही, पण तिच्यापुढे जे येतं ते उठून दिसतं.

तिच्यापुढे लाल फांद्यांचं डॉगवुड लावलं. उन्हाळ्यात हे झुडूप कुणाच्या नजरेतही भरत नाही. पानं गळाली की आतून शेंदरी-लाल काड्या निघतात. दुपारी तीनच्या सुमारास, ऊन अगदी तिरपं होऊन मागून येतं तेव्हा, ह्या काड्या पेटल्यासारख्या दिसतात. गेल्या जानेवारीत एका सकाळी धुकं गोठलं होतं. प्रत्येक काडीच्या एकाच बाजूला पांढरे, सुईसारखे स्फटिक उभे राहिले होते, वारा जिकडून आला त्या बाजूला, आणि दुसरी बाजू कोरडी, लालभडक. बाबांनी मला हाक मारली नाही, नुसता हात वर करून खिडकीकडे बोट दाखवलं. आम्ही दोघं काही न बोलता बघत राहिलो. ऊन वर आलं आणि अर्ध्या तासात सगळं ठिबकून गेलं.

ह्या लाल रंगाचं एक गुपित आहे. रंग कोवळ्या काड्यांना असतो, जुन्या फांद्या मळकट तपकिरी होतात. म्हणून दर वर्षी वसंताच्या तोंडावर जुन्यातल्या साधारण एक तृतीयांश फांद्या जमिनीलगत कापायच्या. नवे धुमारे जोमाने येतात आणि पुढच्या थंडीला तेच पेटतात. हात धजावत नाही, पण कापायलाच हवं.

डॉगवुडच्या उजवीकडे उंच गवत आहे, "कार्ल फोर्स्टर" जातीचं. ज्यांच्या नावाने ते ओळखलं जातं ते कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) जर्मनीतले रोपवाटिकाकार होते. हे गवत वाळून गव्हाळ होतं पण वाकत नाही, बर्फाने दबलं तरी पुन्हा ताठ उभं राहतं. बाकीची गवतं आणि फुलझाडं आता मी शरदात कापत नाही. न्यूयॉर्कच्या हाय लाइन उद्यानाचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला. पीट औडोल्फ ह्या डच बागरचनाकाराने तिथली लागवड आखली. त्या बागेतली वाळलेली झाडं हिवाळाभर तशीच उभी ठेवतात आणि वसंताच्या सुरुवातीला कापतात. वाळलेलं म्हणजे मेलेलं आणि मेलेलं म्हणजे कचरा, ही माझी समजूत त्या बागेची छायाचित्रं बघून गेली. आमच्याकडे शंकूफुलांची काळी बोंडं आणि सेडम ह्या जाड पानांच्या फुलझाडाचे चपटे, विटकरी झुपके मार्चपर्यंत उभे असतात. झुपक्यांवर बर्फ टोपीसारखा बसतो. बोंडांवर छोटे फिंच पक्षी उलटे लटकून बिया टिपतात, आणि बाबांची सकाळ त्यांना मोजण्यात जाते. पोकळ देठांत एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची पिल्लं थंडी काढतात. म्हणून वसंतात कापतानाही मी वीतदोन वीत देठ ठेवते.

एक झाड बाबांनी स्वतः निवडलं. पांढऱ्या खोडाचा हिमालयातला बर्च. कॅटलॉगमध्ये त्याचं शास्त्रीय नाव वाचून ते खुर्चीत सरळ होऊन बसले. "अगं, हा तर आपला भूर्ज!" जुन्या पोथ्या ज्या भूर्जपत्रांवर लिहिल्या गेल्या ती ह्याच झाडाची साल. इंग्लंडमध्ये अँगलसी ॲबीच्या बागेत १९९८ मध्ये हिवाळ्यासाठी खास वाट खुली झाली. तिच्या शेवटी ह्याच बर्चची राई आहे, आणि खोडं पांढरी दिसावीत म्हणून ती धुतात. आमचा भूर्ज अजून मनगटाएवढाच आहे. तरी साल सुटू लागलीय. कागदाहून पातळ, वरून पांढरी, आतून गुलाबीसर, कडेने गुंडाळी होत जाणारी. वाटेवरून जाताना बाबा थांबून तिच्यावरून अंगठा फिरवतात. सोलत मात्र नाहीत, कुणाला सोलूही देत नाहीत. आपोआप गळालेला एक तुकडा त्यांनी वहीत ठेवला आहे.

सदाहरित झाडं थंडीने गेली असं लोक म्हणतात. बरेचदा ती तहानेने गेलेली असतात. पानं उन्हावाऱ्यात पाणी सोडत राहतात आणि खालची माती गोठलेली असल्याने मुळांना काही मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती तपकिरी पडतात आणि आपण नुकत्याच होऊन गेलेल्या कडाक्याला दोष देतो. खरं काम नोव्हेंबरात असतं. माती गोठेपर्यंत ह्या झाडांना खोलवर पाणी द्यायचं, बुंध्याभोवती पाचसात सेंटिमीटर पाचोळा पसरायचा, पण खोडाला टेकवायचा नाही, नाहीतर उंदीर त्यात दडून साल कुरतडतात.

ओला, जड बर्फ फांद्यांवर साचला तर केरसुणीने खालून वर हलकेच उचलून झटकते. फांदीवर कडक बर्फाचं कवच चढलं असेल तर हात लावत नाही, ती काडकन मोडते. जपानमध्ये कानाझावाच्या केनरोकुएन बागेत दर वर्षी १ नोव्हेंबरपासून पाइनच्या झाडांना दोऱ्या बांधायला घेतात. मधोमध उंच खांब, त्याच्या टोकापासून एकेका फांदीपर्यंत दोरी, म्हणजे बर्फाचं ओझं फांदीवर न येता खांबावर येतं. लांबून ते उघड्या छत्रीसारखं दिसतं. झाडाची काळजी घेण्याचं साधनच बागेचा दागिना झालेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. गेल्या वर्षी आमच्या छोट्या पाइनला मी तसंच करून पाहिलं. गाठी बाबांनी मारल्या, बाकावर बसून.

कुंड्यांचं थोडक्यात सांगते. मातीच्या कुंड्या पाणी शोषतात, आणि पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून त्या तडकतात. त्या विटांवर उचलून आडोशाला ठेवायच्या. बाहेरचा नळ आतून बंद करून रिकामा करायचा, पाइप गुंडाळून घरात घ्यायचा. हे एका दुपारचं काम आहे आणि ते पुढे ढकलू नये.

दिवे मी फार लावलेले नाहीत. पाच वाजायच्या आत अंधार पडतो, तेव्हा वाटेच्या कडेला नडगीच्या उंचीवर, वरून झाकलेले, पिवळसर उजेडाचे चार दिवे आहेत आणि एक गवताच्या मागे. तो लागला की काळोखात फक्त गवताची पिसं दिसतात. पूर्वी संध्याकाळी काचेत आमचाच चेहरा दिसायचा. आता बाग दिसते.

बाकाशेजारी, दोन पावलांवर, विच हेझेल हे थंडीत फुलणारं झुडूप लावलं. फुलायला त्याने तिसरा हिवाळा घेतला. यंदा जानेवारीच्या शेवटी नागड्या फांद्यांवर तपकिरी कळ्या फुटल्या आणि आतून पिवळ्या, चुरगळलेल्या फितींसारख्या पाकळ्या डोकावू लागल्या. प्रत्येक फुलाला चार, नखाएवढ्या लांब, दोऱ्याइतक्या अरुंद. कडाक्याची थंडी पडली की त्या गुंडाळी करून आत जातात आणि ऊन मिळालं की पुन्हा उलगडतात. पहिल्यांदा त्या आत गेल्या तेव्हा झाड गेलं असंच मला वाटलं. बाबा म्हणाले, "थांब, घाई करू नकोस."

त्या आठवड्यात पारा फार खाली होता आणि ते रोज बाकावर जाऊन एकदा त्या फांद्या बघून येत. आता ते एकटे जातात, कठडा धरून, वाळूवरून काठी टेकत. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. अकरा वाजले असतील. मी ओट्यापाशी होते. स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक झाली. मी सवयीने खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. बाबा बाहेर उभे होते, काठीच्या मुठीने काच वाजवत, दुसऱ्या हाताने मला बाहेर बोलावत.